पैसे माझे, हुकूम कुणाचा?

मागे ऑनसाईटला हाँगकाँगला होतो. रविवारी सेंट्रल भागात गेलो, तर जमिनीवर पुठ्ठे अंथरून शेकडो फिलिपिनो बायका बसलेल्या. डबे, पत्ते, गप्पा. घरकामाला आलेल्या ह्या बायकांचा सुट्टीचा दिवस. मला वाटलं, सहल असेल. नंतर वाचलं तेव्हा कळलं, ह्यांनी एकदा स्वतःच्या सरकारला नमवलंय!

१९८२ साली मार्कोस राजवटीने ८५७ क्रमांकाचा हुकूम काढला. देश कर्जात बुडालेला, डॉलर हवे होते. म्हणून परदेशातल्या कामगारांनी कमाईचा ठराविक हिस्सा बँकेमार्फतच मायदेशी पाठवायचा: घरकामगारांनी निम्मा पगार, खलाशांनी तर त्याहूनही जास्त! पुरावा नसेल तर पासपोर्टचं नूतनीकरण नाही. आणि पासपोर्ट गेला म्हणजे नोकरीच गेली की!

हाँगकाँगमधल्या कामगार संघटना एकत्र आल्या. १९८५ मध्ये सरकारला शिक्षा मागे घ्यावी लागली. त्याच एकजुटीतून 'युनिफिल' ही संघटना उभी राहिली.

गंमत म्हणजे, पैसे त्या आधीही घरी पाठवतच होत्या. मागणी एवढीच, की किती आणि कसे ते आम्ही ठरवू. मीही दरमहा घरी पैसे पाठवतो. माझ्याकडे कधी कुणी पावती मागितली नाही.