खारवट जमीन, ऊस आणि जनुकांचे मुकादम

सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठाने जाताना उसाच्या हिरव्या फडांत मध्येच पांढरट, ओसाड पट्टे दिसतात. ही खारवट जमीन. आज तिथे ऊस उगवत नाही, पण ही कथा जुनी आहे.

नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी १८८५च्या सुमारास वाहू लागले. पंचवीस वर्षे होतात न होतात तोच, १९१० साली, हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर पुस्तिका लिहावी लागली. काळ्या जमिनीत निचरा कमी. पाणी जास्त दिले की जमिनीखालची पातळी वर चढते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. पुढे १९३२ साली सातारा जिल्ह्यात पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले. तेथील बसू आणि सिरूर यांनी कालव्यांखालील जमिनींचे वर्गीकरण १९३८ साली प्रसिद्ध केले. या सर्वांचे लक्ष मातीकडे होते. क्षार भिडल्यावर रोपाच्या पेशीत काय घडते, हे विचारण्याची साधनेच तेव्हा नव्हती. जनुक कोणत्या पदार्थाचे असते हेही ठाऊक नव्हते.

खारवट मातीत पाणी असते, पण मुळांना ते ओढता येत नाही. रोप चिखलात उभे राहून तहानेलेले! ही तहान पेशींना कळते आणि काही जनुके जागी होतात. त्यांना जागे कोण करते? १९९४ साली जपानमध्ये काझुको यामागुची-शिनोझाकी व काझुओ शिनोझाकी यांना मोहरीच्या कुळातील एका इवल्या रोपात, अशा जनुकाच्या अलीकडे, डीएनएचा नऊ अक्षरांचा तुकडा सापडला. १९९८ साली त्याला चिकटणारी प्रथिने हाती लागली. त्यांचे नाव ड्रेब. विद्यार्थ्यांना आम्ही मुकादमाची उपमा देतो. मुकादम स्वतः ऊस तोडत नाही. पण त्याने हाक दिली की सारी टोळी कोयते घेऊन उठते. एक ड्रेब प्रथिन तसेच अनेक जनुकांना एकदम कामाला लावते. (रोगजंतू आल्यावर हाक देणाऱ्यांत वर्की नावाच्या कुळातले मुकादम पुष्कळ असतात.)

मग हा मुकादम सतत ओरडत ठेवला तर? तसे करून पाहिले. रोपांनी दुष्काळ, मीठ, गोठवणारी थंडी सोसली, पण ती खुजी राहिली. १९९९ साली त्याच गटाने गरजेपुरतीच चालू होणारी कळ त्या जनुकाला जोडली, तेव्हा वाढ बरीचशी सुधारली. आमच्या मते या इतिहासातला हाच सर्वांत शिकवण्याजोगा प्रयोग.

उसात असे काम कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत झाले. उसाच्या एका रानटी नातलगाचे ड्रेब जनुक त्यांनी को ८६०३२ या जातीत घातले. सातारा-सांगलीच्या शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीची हीच जात. ही रोपे दुष्काळ व क्षार अधिक सोसतात, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. पण असा ऊस शेतकऱ्याच्या हाती आलेला नाही. आणि आला तरी क्षार जमिनीतच राहणार. म्हणून कृष्णाकाठी जमिनीत सच्छिद्र नळ्या पुरून पाण्याला वाट करून देतात, आणि क्षार सोसणारी म्हणून पाडेगावची फुले २६५ लावतात. ही जात मात्र एकाही जनुकाची कळ न फिरवता, नेहमीच्या पैदाशीतून, फडात निवड करूनच मिळाली.