दुचाकीच्या दुकानातील गिऱ्हाईक

द्वारका म्हटले की परगावच्या माणसाला श्रीकृष्णाची आठवण व्हावी. नाशिककराला मात्र आठवतात ते भोंगे, धूर आणि चौकात खोळंबलेली वाहने. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा हमरस्ता आणि पुण्याकडून नाशिकरोडवरून येणारा रस्ता, असे दोन मोठे रस्ते येथे एकमेकांना भेटतात. वरून उड्डाणपूल गेला, तरी खालची दाटी हटलेली नाही. या रस्त्यांच्या कडेने दुचाकी वाहने विकणारी काचेची दुकाने आहेत. दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या सकाळी त्यांपैकी एखाद्या दुकानासमोर घटकाभर उभे राहावे. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडची मंडळी सहकुटुंब आलेली असतात. नव्या मोटारसायकलला झेंडूचा हार पडतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, घरची लक्ष्मी हळदकुंकू लावते, नारळ फुटतो. दुकानाचा मालक पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली पुढे करतो आणि सगळे फोटोसाठी उभे राहतात. मग पेढ्यांचा पुडा निघतो. आणि मौज अशी की, लाखभर रुपये मोजणारा माणूस पैसे घेणाऱ्याचे पुन्हा पुन्हा आभार मानत असतो!

श्रोतेहो, किलोभर साखर घेऊन निघताना आपण वाण्याचे आभार मानत नाही. मग येथेच हे का व्हावे? वाहन ही लक्ष्मी आहे, आनंदाचा प्रसंग आहे, हे खरेच. पण एवढ्यावर माझे समाधान होत नाही. माझ्या मते या आभारांना इतिहास आहे, आणि तो फार जुना नाही. आपल्या देशातील दुचाकीचे गिऱ्हाईक सुमारे तीस वर्षे गिऱ्हाईक नव्हतेच. ते अर्जदार होते.

हे कसे घडले ते थोडे मागे जाऊन पाहू. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्याकडे मोटारसायकली आणि स्कूटरी परदेशातून येत. बजाजांची बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन १९४५ मध्ये स्थापन झाली आणि १९४८ पासून तिने बाहेरची दुचाकी व तीनचाकी वाहने आणून विकण्यास आरंभ केला. पुढे परकीय चलनाची चणचण भासू लागली, आयातीवर बंधने आली, आणि वाहने येथेच बनवावीत असे धोरण ठरले. मुंबईत लॅम्ब्रेटा जुळू लागली. १९५५ मध्ये मद्रासला एनफील्डची बुलेट सुरू झाली. तिचे पहिले मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपले लष्कर. १९६० नंतर लवकरच म्हैसूरची जावा आणि राजदूत या मोटारसायकली आल्या. बजाज ऑटोने इटलीच्या पियाजिओ कंपनीशी करार करून १९६१ च्या सुमारास व्हेस्पा स्कूटर काढली.

माल देशात तयार होऊ लागला, पण पुरेना. कारखान्याने किती वाहने बनवावीत हे मागणीवर नव्हे, तर दिल्लीहून मिळालेल्या परवान्यावर ठरे. १९५१ च्या उद्योग कायद्याने तशी व्यवस्था केली होती. जास्त माल काढणे हा पराक्रम नसून अपराध होता, असे आज सांगितले तर माझे विद्यार्थी हसतात. त्यांना वाटते, सर गंमत करताहेत. पण १९६८ पासून बजाज ऑटोची धुरा वाहणारे राहुल बजाज हे याच प्रश्नावर सरकारशी वर्षानुवर्षे झगडत राहिले. त्यात १९६९ चा मक्तेदारीविरोधी कायदा आला आणि मोठ्या घराण्यांना कारखाना वाढविणे आणखी अवघड झाले. आकडेच पाहा ना. कंपनीचे पहिले एक लाख वाहन पुरे व्हायला १९७० साल उजाडले, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे लागली. तेवढीच वाहने एका वर्षात निघू लागली ती १९७७ च्या सुमारास. तोवर रांग कुठल्या कुठे गेली होती.

या रांगेलाही कायदा होता. १९६० मध्ये केंद्र सरकारने स्कूटरच्या वाटप आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा हुकूम काढला. विक्रेत्याने आलेली मागणी क्रमवार नोंदवायची आणि त्याच क्रमाने वाहन द्यायचे. काही वाटा सरकारी कोट्यासाठी राखायचा. हेतू चांगला होता, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने नाकारता कामा नये. टंचाईच्या काळात श्रीमंताने सगळा माल उचलू नये, मास्तरालाही त्याची पाळी यावी, हा त्यामागचा विचार. परंतु जेथे रांग असते तेथे रांगेबाहेरची वाटही असतेच. परदेशातील नातलगाने डॉलर पाठविले की नंबर लवकर लागे. ज्याला मिळाली तो ती जास्त भावाने विकू शके. या वरच्या पैशाला बाजारात 'ऑन' म्हणत. नवीपेक्षा जुनी गाडी महाग, असा उलटा न्याय त्या काळच्या लोकांनी उघड्या डोळ्यांनी पाहिला.

येथे एक भेद सांगितला पाहिजे. ही ओढ मुख्यतः स्कूटरची होती. मोटारसायकल त्या मानाने लवकर मिळे. राजदूत हे दूधवाल्याचे आणि खेड्यातल्या बागायतदाराचे वाहन. कॅन अडकवावेत, बांधावरून न्यावी, कुरकुर नाही. पण गावातल्या नोकरदाराला स्कूटर हवी असे. पुढे मुलगा उभा, मागे पत्नी, तिच्या मांडीवर धाकटी, पायाशी भाजीची पिशवी, आणि वाटेत चाक बसले तर जादा चाक तयार. नाशिकसारख्या गावात हा नोकरदार वर्ग मोठा. नाशिकरोडचा नोटांचा छापखाना इंग्रजांच्या वेळेपासूनचा. १९६० नंतर ओझरला विमानांचा कारखाना आला, सातपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली. ओझरहून गावात, गावातून नाशिकरोडला, असे मैलांचे अंतर रोज तोडणाऱ्या माणसाला सायकल पुरेनाशी झाली होती, आणि मोटार तर स्वप्नातही नव्हती.

१९७१ मध्ये पियाजिओशी असलेला करार संपला आणि १९७२ मध्ये बजाजने आपली चेतक बाजारात आणली. राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव! १९७५ मध्ये साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्स हा संयुक्त कारखाना निघाला आणि तेथून प्रिया येऊ लागली. तरी नंबर सरकेना.

आमच्या घरचा अनुभव सांगतो, कारण तो त्या काळच्या हजारो घरांचा आहे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, शाळेत शिक्षक. त्यांनी १९७८ मध्ये चेतकसाठी नाव नोंदविले. त्या वेळी माझा जन्मही झालेला नव्हता. पैसे भरल्याची पावती रेशनकार्डाच्या आणि आजोबांच्या सातबाऱ्याच्या सोबतीने लोखंडी ट्रंकेत राहायची. दिवाळीच्या सुट्टीत अण्णा इस्त्रीचे कपडे घालून दुकानात जात आणि विचारीत, "साहेब, नंबर कितीवर आला?" ज्याला साहेब म्हणायचे तो तेथला कारकून होता. तो वहीतून मान वर न करता म्हणे, "कार्ड येईल घरी." नऊ वर्षांनी, १९८७ मध्ये, कार्ड आले. अण्णांना हिरवट रंग हवा होता. दुकानात होती ती निळी. रंगाचे विचारावे असे त्यांच्या मनात आले, पण, पुढे ते आईला सांगत होते, "म्हटलं, नाही म्हणाला तर?" सीटचे कव्हर, आरसा, पुढची टोपली हे सामान नको असतानाही बिलात लागले होते. तेही त्यांनी मुकाट्याने भरले. आणि निघताना कारकुनाला पेढे दिले.

मला त्या वेळी सहावे वर्ष होते. पेढा दिलेला आठवतो. त्यातले ओशाळेपण कळायला पुढे बरीच वर्षे गेली.

गंमत म्हणजे ज्या सुमारास अण्णांची पाळी आली, त्याच सुमारास रांग संपत आली होती. १९८४ मध्ये सुझुकीची, १९८५ मध्ये हिरो होंडा आणि यामाहाची, १९८६ मध्ये कावासाकी बजाजची, अशा जपानी बनावटीच्या शंभर सीसीच्या मोटारसायकली एकामागून एक आल्या. १९८५ मध्येच औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा नवा कारखाना सुरू झाला. हिरो होंडाचे इंजिन चार स्ट्रोकचे. पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याची कटकट नाही आणि लिटरला पल्ला मोठा. जाहिरात तर अशी होती की, एकदा टाकी भरा आणि विसरा. नोकरदाराने हिशोब केला आणि स्कूटरवरचे त्याचे प्रेम हळूहळू उतरले. १९९१ च्या नव्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांचे परवाने गेले. ज्या चेतकसाठी माणसे दहा दहा वर्षे थांबली, तिचे उत्पादनही पुढे थांबले, आणि २००९ च्या डिसेंबरात बजाजने स्कूटरचा धंदाच सोडत असल्याचे जाहीर केले. २०२० मध्ये तेच नाव पुन्हा आले ते विजेवर चालणाऱ्या गाडीला.

मालाची टंचाई सरत होती तेव्हा गिऱ्हाइकाला कायद्याचाही आधार मिळाला. त्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा लहान नाही. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. १९८६ च्या डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि जिल्ह्याच्या गावी तक्रार करण्याची सोय झाली. २०१९ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. म्हणजे अण्णांनी निळी स्कूटर घरी आणली तेव्हा हा कायदा पुस्तकात आलेला होता. त्यांना तो ठाऊक नव्हता. आणि ठाऊक असता, तरी नऊ वर्षे वाट पाहिलेला माणूस टोपलीसाठी भांडला असता असे मला वाटत नाही.

आज पारडे फिरले आहे, याचे दोन दाखले देतो. २०१७ मध्ये पाडवा २८ मार्चला होता. लोकांनी मुहूर्त साधून पूर्ण किंमत मोजली आणि गाड्या घरी नेल्या. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, जुन्या प्रदूषण मानकाची, म्हणजे बीएस-३ ची वाहने १ एप्रिलपासून विकता येणार नाहीत. देशभर अशी सुमारे ८ लाख वाहने पडून होती; त्यांत ६ लाख ७१ हजारांच्या आसपास दुचाकी होत्या. मग काय विचारता! कोणी साडेबारा हजारांची सूट दिली, कोणी बावीस हजारांपर्यंत गेला. ३० आणि ३१ मार्चला दुकानांतून पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांनी मुहूर्त पाळला ते हळहळत बसले. दुसरा दाखला २०२५ चा. साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर येणार हे ३ सप्टेंबरला ठरले, पण अंमल २२ सप्टेंबरपासून, अगदी घटस्थापनेच्या दिवशी. मधले बहुतेक दिवस पितृपक्षाचे. तसेही कोणी नवी वस्तू घेत नाही. या वेळी थांबले ते गिऱ्हाईक, आणि वाट पाहत बसला तो दुकानदार. अण्णा असते तर त्यांना ही बातमी दोनदा वाचावीशी वाटली असती.

तरीही पेढे काही सुटलेले नाहीत, आणि आणखी एक गोष्टही सुटलेली नाही. पूर्वी 'ऑन' होता. आता 'ऑन रोड' आहे. गाडीची मूळ किंमत, कर, नोंदणी, विमा आणि दुकानदाराने जोडलेले किरकोळ खर्च यांची ती बेरीज. गिऱ्हाईक बेरीज पाहते, नव्हे, बेरीजही पाहत नाही, महिन्याचा हप्ता किती तेवढे पाहते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीचा तृतीय पक्ष विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो, त्यामुळे विम्याचा आकडा मोठा झाला. तो विमा कोणत्या कंपनीचा घ्यायचा हे घेणाऱ्याने ठरवायचे असते. दुकानातच घेतला पाहिजे असा नियम नाही. पण हे विचारते कोण?

२०१९ मध्ये मी स्वतः मोटारसायकल घेतली. दुकानाचे नाव सांगण्याचे कारण नाही. कागदावर 'हाताळणी' म्हणून एक रक्कम होती. मी विचारले, "हे कशाचे?" टेबलापलीकडचा तरुण मुलगा जरा हसला, त्याने पेनने ती ओळ खोडली आणि म्हणाला, "तुम्ही विचारलंत सर, म्हणून." वाद नाही, आवाज नाही. एका प्रश्नाची किंमत दीड हजार रुपये!

शेजारच्या खुर्चीवर निफाडकडचे एक शेतकरी बसले होते. द्राक्षाचे पैसे हाती आले होते, लेकाला कॉलेजसाठी गाडी घेत होते. त्यांच्यापुढे तोच छापील कागद होता, त्यावर तीच ओळ होती. माझे बोलणे त्यांनी ऐकले की नाही, कोण जाणे. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, सही इथंच करायची ना?"

मी बोट ठेवून जागा दाखविली. एवढेच केले. सांगावेसे वाटले, पण समोर तो मुलगा बसला होता, आणि आपल्याला आत्ताच दीड हजार सोडले आहेत, आता दुसऱ्याचे कशाला काढा, असा विचार मनात आला. त्यांनी सही केली. मग पुडा उघडून पहिला पेढा त्या मुलाला दिला आणि दुसरा मला.