अक्षयनीवी आणि संगणक : जुहूच्या एका केंद्राचा वृत्तांत

बोरिवलीनजीक कान्हेरीच्या डोंगरांत जे शिलालेख आहेत, त्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनीं पाण्याच्या पोढ्या खोदवून दिल्याचें नमूद आहे. तसेंच मुद्दल अबाधित ठेवून केवळ उत्पन्नावर नित्य व्यय चालवावा, अशी ‘अक्षयनीवी’ची व्यवस्थाही त्यांत आहे. राष्ट्रकूटकालीन एका लेखांत तर विहाराची डागडुजी, वस्त्रें व ग्रंथ यांसाठीं निरनिराळी रक्कम नेमिली आहे. दान देणें निराळें व दिलेलें चालतें ठेवणें निराळें, हा भेद त्या दात्यांस ठाऊक होता. याच साष्टींत विसाव्या शतकांत उभ्या राहिलेल्या एका सामायिक विद्यासाधनाचा वृत्तांत त्या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे.

वृत्तांताचें मूळ कुलाब्यास आहे. तेथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् व त्यांचे सहकारी यांनीं रचिलेलें ‘टिफ्रॅक’ हें गणनयंत्र १९६० सालीं कामास लागलें. त्याच्या स्मृतिकोशांत २,०४८ शब्द मावत. १९६४ सालीं अमेरिकेच्या साहाय्यानें ‘सीडीसी ३६००’ हें मोठें यंत्र तेथें आलें. तें एका संस्थेपुरतेंच न ठेवतां बाहेरच्या अभ्यासकांसही खुलें होतें. अभ्यासकानें छिद्रित पत्रांची चवड द्यावी, पाळी येतांच यंत्रानें ती वाचावी, आणि छापील उत्तर घेऊन त्यानें परतावें, अशी वहिवाट असे.

पुढें १९८५ सालीं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही स्वतंत्र संस्था झाली व तिचें ठाणें जुहूस पडलें. श्रीनिवासन् रमणी हे तिचे संचालक होते. १९८६ सालीं भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें साहाय्य घेऊन ‘अर्नेट’ हें शिक्षण व संशोधनाचें जाळें आरंभिलें. त्यांत पांच आय्. आय्. टी., बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, जुहूचें केंद्र व खुद्द तें खातें असे आठ भागीदार होते. १९८६-८७ च्या सुमारास जुहू व पवई यांच्यामध्यें दूरध्वनीच्या तारेवरून संगणकी पत्रव्यवहार सुरू झाला; पुढें जुहूहूनच परदेशाशीं सांधा जुळला. सामान्य जनतेस इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं. विद्वज्जनांचा मार्ग तत्पूर्वींच वाहता झाला होता.

या दोन अवस्थांतील भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. प्रथम अभ्यासक यंत्राकडे जात असे; नंतर यंत्रेंच परस्परांशीं बोलूं लागलीं. संस्कृतांत ‘गणक’ म्हणजे गणित करणारा मनुष्य, ज्योतिषी. ‘संगणक’ या शब्दांतील ‘सम्’ उपसर्गाचा ‘एकत्र’ असा अर्थ घेतला, तर तो या सामायिक साधनास विशेष शोभतो.

१९९८ सालीं अर्नेट ही स्वायत्त संस्था झाली; २००३ सालीं जुहूचें केंद्र ‘सी-डॅक’मध्यें विलीन झालें. २०१५ सालीं केंद्र सरकारनें सात वर्षांसाठीं ४,५०० कोटि रुपयांची राष्ट्रीय महासंगणक योजना मंजूर केली. तथापि कान्हेरीच्या दात्यांचा प्रश्न तसाच उभा राहतो. यंत्र आणण्यास अनुदान एकदां मिळतें. वीज, शीतकरण, दुरुस्ती व जाणते चालक यांचा खर्च मात्र प्रतिवर्षीं येतो. यंत्र कांहीं वर्षांत जुनें होतें; तें चालविणाऱ्यांचें ज्ञान हातीं राहिलें, तरच पुढचें यंत्र उपयोगी पडतें. सामायिक साधनाची खरी नीवी ती हीच.

या ज्ञानाचे कागद म्हणजे पाळीच्या नोंदवह्या, छिद्रित पत्रें, चालकांचीं टिपणें व पत्रें. यांस अद्याप कोणी ‘दफ्तर’ म्हणत नाहीं, म्हणूनच तीं रद्दींत जाण्याचें भय अधिक. पेशवाईचे रुमाल ज्यांनीं माळ्यावरून उतरविले, त्यांस हें सांगणें नलगे. अंधेरी, पवई, मुलुंड येथें राहणाऱ्या निवृत्त यंत्रज्ञांकडे असे कागद असल्यास संग्राहकांनीं ते अगत्यपूर्वक मागावे, तारीखवार लावावे व त्यांची यादी प्रसिद्ध करावी. कान्हेरीचा लेख शिळेवर होता म्हणून टिकला. कागदास टिकविणारा मनुष्यच लागतो.