नखांवरचा रंग आणि चौक्याचे दार



मागच्या चातुर्मासात आमच्या बस्तीत आर्यिका माताजींचा मुक्काम होता. एके दिवशी आमच्या घरी चौका लागला. सून आदल्या रात्रीच माहेरच्या लग्नाहून परतली होती. दहाही नखांवर मोतिया रंगाचे नेलपॉलिश आणि त्यावर पाच पाच ठिपक्यांची फुले. तिने घरीच, केसाच्या पिनेच्या टोकाने काढलेली. खोटे कशाला बोलू, सुरेख दिसत होती. पण सकाळी पाहिले तर रिमूव्हरची बाटली कोरडी ठणठणीत, आणि एवढ्या सकाळी दुकान कुठले उघडे असणार? ती चौक्याच्या दाराबाहेर उभी राहिली. आणि मी आत जाता जाता म्हणून गेले, "एवढं तरी कळायला हवं होतं."

आहार निरंतराय झाला. दुपारी भांडी आवरताना ती शांतपणे म्हणाली, "आई, तुमच्या लग्नाच्या फोटोत तुमचीही नखं अशीच चमकतायत. चौक्यात पॉलिश नको हे मला मान्य आहे. पण का नको, ते मला कुणी सांगितलंच नाही."

मी म्हणाले, पूर्वीपासून तसेच आहे. उत्तर देताना माझे मलाच ते उणे वाटले. मी कॉमर्सची. व्हाउचर नसेल तर नोंद धरायची नाही, हे कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकलेले. इथे मात्र चाळीस वर्षे बिनव्हाउचरची नोंद चालवत आले होते. मग जमेल तसे वाचायला बसले. त्यातून जे हाती लागले ते तुमच्यासाठी लिहिते आहे.

नखे रंगवणे ही काही आजकालची हौस नाही. आपल्याकडे दोन रंग जुने, मेंदी आणि अळिता. माझी आजी पाट्यावर मेंदीचा पाला वाटायची, त्यात थोडा कात घालायची आणि रात्री आमच्या बोटांच्या टोकांना त्याच्या टोप्या घालायची. तळहातावर मधोमध एक मोठा ठिपका. झाली नक्षी! सकाळी तळहात केशरी आणि नखे तांबडीलाल. हातावरचा रंग आठ-पंधरा दिवसांत उतरे, नखांवरचा मात्र महिनोन्‌महिने पुढे सरकत राही. याचे कारण मला आता कळले. मेंदीच्या पानातले रंगद्रव्य नखाच्या आत मुरते आणि तिथल्या प्रथिनाला धरून बसते. बोटाचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, म्हणून मुळाशी लागलेला रंग टोकाला येऊन कापला जाईपर्यंत चार-सहा महिने जातात. वर थर असा काही नसतोच. खरवडायचे म्हटले तरी काय खरवडणार?

अळित्याची गोष्ट वेगळी. जुना अळिता म्हणजे लाखेच्या लाल रंगात भिजवून वाळवलेला कापूस. पाण्यात बुडवायचा आणि पायांना, नखांना लावायचा. आता ही लाख येते कुठून? पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर एक बारीक कीटक राहतो. तो अंगातून राळ सोडतो आणि त्याच कवचाखाली जगतो. फांदी खरवडून लाख काढतात, त्यात राळेबरोबर कीटकही येतात, आणि तो लाल रंग त्या कीटकांच्या अंगातलाच असतो. भारतात हा व्यवसाय एवढा मोठा की १९२४ साली रांचीजवळ नामकुमला लाखेसाठी स्वतंत्र संशोधन संस्था निघाली.

आपल्या आचार्यांच्या नजरेतून ही गोष्ट सुटलेली नव्हती. श्रावकाने करू नयेत असे पंधरा धंदे सांगितले आहेत, त्यांना कर्मादान म्हणतात. त्यात हस्तिदंताचा व्यापार आहे, विषाचा आहे, आणि स्पष्ट शब्दांत 'लाक्षावाणिज्य', म्हणजे लाखेचा व्यापारही आहे. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचार्यांच्या 'योगशास्त्रा'त ही यादी आहे, आणि तेराव्या शतकात आपल्या दिगंबर परंपरेतल्या पंडित आशाधरांच्या 'सागारधर्मामृता'तही ती येते. आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी लाल रंगाकडे बोट दाखवून विचारले होते, हा आला कुठून? आता कुणी म्हणेल, मनाई व्यापाराला आहे, वापराला नाही. शब्दशः खरे आहे. पण गिऱ्हाइकाशिवाय व्यापार चालतो, असे मला तरी कुठल्या प्राध्यापकांनी शिकवले नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी अळिता लावला, लाखेच्या बांगड्याही भरल्या. त्यांना दोष द्यायला मी लिहीत नाही. यादी पुरुषांच्या दुकानासाठी वाचली गेली, बायकांच्या फणीकरंड्यापर्यंत ती पोहोचलीच नसावी असे मला वाटते.

आता चौक्याकडे येऊ. आहाराच्या वेळी टाळायचे जे चौदा मलदोष सांगितले आहेत, त्यांत पहिलाच शब्द 'नख' आहे. 'मूलाचारा'त ही यादी आहे. घासात कण, बी, मूळ असे काही आले तर ते काढून टाकता येते. नखाचा तुकडा आला तर मात्र आहार तिथेच सोडायचा आणि वर थोडे प्रायश्चित्तही घ्यायचे. दिवसातून एकदाच, तेही अंजुळीत घेणाऱ्या साधूंचा तो घास आपल्या हातून जातो. दुसऱ्या दिवसापर्यंत पाणीसुद्धा नाही. नेलपॉलिशची खपली आणि नखाचा तुकडा अंजुळीतल्या भातात दिसायला सारखेच. गरम भांडी, वाफ, सारखे धुतलेले हात, यांत खपली सुटायला वेळ लागत नाही. सुनेला हे एवढे सांगितले असते तर माझ्या त्या एका वाक्याची गरजच नव्हती. तिने लग्नाआधीच दुसरा विचार केला असता.

बाटलीतले नेलपॉलिश आले ते मोटारींच्या मागून. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज बनते. हा शोध १८४६ सालचा. त्यापासून बिनधुराची बंदुकीची दारू झाली, सिनेमाच्या जुन्या फिती झाल्या आणि १९२० च्या दशकात अमेरिकेत मोटारींना द्यायचा झटपट वाळणारा चकचकीत रंग झाला. तेच द्रव्य सॉल्व्हंटमध्ये विरघळवून नखांवर आले. १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये रेव्हसन बंधू आणि लॅचमन नावाचे रसायनतज्ज्ञ यांनी रेव्हलॉन कंपनी काढली. रेव्हलॉनमधला 'ल' तो या लॅचमन यांचा. तोवर पॉलिश पारदर्शक, फिकट गुलाबी असे. यांनी दाट रंगाचे, नख पूर्ण झाकणारे पॉलिश विकायला आणले. (बंदुकीच्या दारूशी नाते आहे, तेव्हा गॅसच्या शेगडीजवळ किंवा देवघरातल्या दिव्याजवळ बसून नेलपॉलिश लावू नका. ही कल्पित भीती नाही, ते खरेच पेट घेते.)

आपल्याकडे १९५२ मध्ये टाटांनी लॅक्मे सुरू केली. लॅक्मे हे एका फ्रेंच ऑपेराचे नाव, आणि ते म्हणजे आपल्या लक्ष्मीचेच फ्रेंच रूप. सिमोन टाटांनी ती कंपनी वाढवली. आमच्या कॉलेजच्या दिवसांत नेलपॉलिश म्हटले की तीच बाटली डोळ्यांपुढे यायची.

इथवर कापूस आणि रसायने. म्हणजे नुसत्या पॉलिशबद्दल आपल्याला फार शंका नसावी. गोम आहे ती चमकीत.

सतराव्या शतकात पॅरिसला जपमाळा बनवणारा एक कारागीर होता. छोटे मासे धुतलेल्या पाण्यात खवल्यांची रुपेरी झाक त्याला दिसली, असे सांगतात. त्याने ती खवल्यांवरची चमक वेगळी काढली आणि काचेच्या पोकळ मण्यांना आतून लावून खोटे मोती तयार केले. जपमाळेसाठी मासे! वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. या द्रव्याचे नाव ग्वानिन. बाजारात त्याला 'पर्ल एसेन्स' म्हणतात. विसाव्या शतकात मोतिया नेलपॉलिशची झळाळी याच द्रव्याने यायची. पुढे १९६० च्या दशकात अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांवर टायटेनियम डायऑक्साइड चढवून तशीच चमक आणता येऊ लागली. ते स्वस्त पडते, म्हणून आज बरीचशी चमकी खनिजाची असते. बरीचशी, सगळी नव्हे.

माझ्या लग्नातली बाटली थोरल्या बहिणीने हौसेने आणली होती. मोतिया पांढरी. आहेराच्या वेळी सगळ्या बायका हात धरून धरून नखे बघत होत्या. ती बाटली केव्हाच गेली, तिच्यावरचे कुणी वाचलेही नाही. पण सुनेला दाराबाहेर उभे करताना मी ज्या तोऱ्यात होते, तो तोरा या वाचनानंतर उरला नाही.

मग ओळखायचे कसे? खाण्याच्या पुड्यावरच्या हिरव्या ठिपक्यावर आपण विसंबतो, तसे इथे नुसत्या ठिपक्यावर विसंबू नका. घटकांची यादी वाचा. अक्षर बारीक असते, मी नातवाचे भिंग वापरते. रंगांना सी.आय. म्हणून पाच आकडी क्रमांक असतात. ७५१७० म्हणजे ग्वानिन, माशाचे खवले. ७५४७० म्हणजे कार्माइन, कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढलेला लाल. हा लिपस्टिकमध्ये जास्त आढळतो. शेलॅक लिहिले असेल तर ती आपली जुनी लाख. ७७०१९ म्हणजे अभ्रक, ७७८९१ म्हणजे टायटेनियम डायऑक्साइड, ७७४९१ म्हणजे लोहाचा लाल. हे तीनही खनिज. या पाच-सहा आकड्यांचा कागद करून मी आरशाला चिकटवला आहे. प्राण्यांवर चाचणी केलेली नाही, एवढ्याने समाधान मानू नका. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना २०१४ पासून बंदीच आहे, पण चाचणी वेगळी आणि बाटलीतला माल वेगळा. पुण्याची 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी' ही संस्था १९७४ पासून नेमके हेच लोकांना सांगत आली आहे. तिच्या संस्थापक डायना रत्नागर पारशी. आपल्या मंडळींनी त्यांचे आभार मानायला हवेत.

आता नक्षीचे. सुनेकडून शिकले ते सांगते, कारण हौस सोडा असे मला अजिबात म्हणायचे नाही.

सर्वांत सोपी नक्षी नव्वद-शंभर वर्षे जुनी आहे. १९२०-३० च्या दशकांत पाश्चात्त्य बायका नखाच्या मुळाशी असलेली पांढरी चंद्रकोर मोकळी सोडून बाकीचे नख रंगवत. घरी करायची तर वहीला लावायच्या गोल रिंगस्टिकरचा अर्धा भाग मुळाशी चिकटवा, रंग लावा आणि रंग पुरता वाळण्याआधी स्टिकर हलकेच ओढा. यात एक फायदा असा की नख वाढले तरी मुळाशी उघडी पट्टी दिसत नाही, आठवडाभर जास्त टिकते. याच्या उलट फ्रेंच नावाची नक्षी, म्हणजे फिकट गुलाबी नख आणि टोकाला पांढरी रेघ. नाव फ्रेंच असले तरी ती गाजली १९७० च्या दशकात अमेरिकेतून, हॉलिवूडच्या नट्यांना प्रत्येक कपड्यावर चालेल असा एकच रंग हवा होता म्हणून. ठिपक्यांसाठी केसाची पिन पुरते. झाकणात एक थेंब घ्या, पिनेचे टोक बुडवा, पाच ठिपके गोल आणि मधे एक. ज्या हातांना ठिपक्यांची रांगोळी येते त्यांना हे शिकवावे लागत नाही. आधीचा थर पूर्ण वाळू द्या, एवढेच पथ्य. स्वस्तिक, ओम, कलश मात्र नखांवर काढू नका. नख कापले की कचऱ्यात जाते, आणि त्याबरोबर तेही.

चौका लागणार असेल त्या आठवड्यात आमच्याकडे आता मेंदी. कोनाने नखांवरच चंद्रकोर काढायची, किंवा आजीच्या टोप्या. पाला ताजा हवा असेल तर अष्टमी-चतुर्दशी सोडून आणा. बाजारातला काळा कोन घेऊ नका, त्यात केस काळे करायचे रसायन असते आणि हाताला फोड येतात. मेंदी पूर्ण निघाली, नखे आखूड कापली, हात स्वच्छ धुतले, की रंगलेल्या नखांना आमच्याकडे आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. यंदा सुनेने अशाच टोप्या घातल्या होत्या आणि पडगाहनाला ती माझ्या शेजारी कलश घेऊन उभी होती.

त्या रविवारी आम्ही दोघींनी तिच्या सगळ्या बाटल्या भिंगाखाली घातल्या. अकरा निघाल्या. सहांवर फक्त खनिजांचे आकडे होते. दोनांवर ७५४७०. दोनांवरचे छापील अक्षर पुसलेले. आणि एकीवर, जिच्यातली ती पाच ठिपक्यांची फुले होती तिच्यावर, घटकांची यादीच नव्हती. जत्रेतून घेतलेली होती, वीस रुपयांना. नाल्यात ओतायची नाही आणि लावायचीही नाही, म्हणून या पाचही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आहेत. असला कचरा वेगळा घेणारी गाडी आमच्या भागात कधी येते, ते विचारून ठेवले आहे.