रोड बाइक : गिअर-बदलातील दोष
खटका देऊनही चेन हव्या त्या चक्रावर न जाणे, उशिरा जाणे, दोन चक्रांच्या मध्ये खरखरत राहणे किंवा पेडलवर जोर येताच घसरणे, हे या दोषांचे नेहमीचे प्रकार. तक्रार आली की हात प्रथम मागच्या डिरेलरच्या स्क्रूंकडे जातो, कारण ते समोर दिसतात आणि फिरवता येतात. पण एच आणि एल हे दोन स्क्रू फक्त सीमा ठरवतात : चेन सर्वांत लहान चक्रापलीकडे फ्रेमकडे आणि सर्वांत मोठ्यापलीकडे आऱ्यांत जाऊ नये, एवढेच त्यांचे काम. मधल्या चक्रांवरील खरखरीशी त्यांचा संबंध नाही. तिसरा, बी-स्क्रू, वरची पुली आणि कॅसेट यांतील अंतर ठरवतो. एकदा नीट बसवलेले हे स्क्रू सहसा आपोआप फिरत नाहीत. म्हणून काल नीट चालणारी सायकल आज बिघडली असेल, तर मधल्या काळात काय बदलले हे आधी शोधावे. बदलते ते बहुधा केबल, हँगर (डिरेलर ज्यावर बसतो तो फ्रेमचा कान) किंवा चेन.

केबलला हे महत्त्व खटक्याच्या पद्धतीमुळे आले. जुन्या घर्षण-दांडीने स्वार चेनच्या आवाजावरून अंदाज घेत गिअर लावी. केबल थोडी अडली तरी हातच ती चूक सावरी. शिमानोने 1984 मध्ये ड्युरा-एस संचात एसआयएस ही खटक्याची पद्धत आणली (तसे प्रयत्न आधीही झाले होते, पण शर्यतीच्या सायकलींत रुजली ती ही) आणि सावरण्याचे काम हाताकडून ठरावीक लांबीच्या केबल-ओढीकडे गेले. शिमानोच्या दहा-चक्री रोड संचात एका खटक्याला सुमारे 2.3 मिमी केबल ओढली जाते आणि डिरेलर त्याच्या सुमारे 1.7 पट सरकतो. शेजारच्या चक्रांतील अंतर 4 मिमीपेक्षा किंचित कमी असते. केबलच्या आवरणातील, म्हणजे आउटरमधील, गंज-धुळीने 0.3 मिमी ओढ गिळली, तर डिरेलर अर्धा मिमी चुकतो, म्हणजे चक्रांतील अंतराचा आठवा हिस्सा गेला. वरची पुली आडवी थोडी सैल ठेवलेली असते ती अशाच चुका पोटात घेण्यासाठी. तिलाही मर्यादा आहे.

केबलचा दोष ओळखण्याची खूण दिशेत आहे. मोठ्या चक्राकडे डिरेलरला केबल ओढते, लहानाकडे त्याची स्प्रिंग नेते. चेन मोठ्या चक्रावर चढायला कुरकुरत असेल आणि उतरताना ठीक असेल, तर ताण कमी आहे. बॅरल अ‍ॅडजस्टर पाव-पाव फेरा उलट्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांविरुद्ध, फिरवावा. उतरायलाच उशीर होत असेल, तर ताण जास्त आहे किंवा घर्षण वाढले आहे. एक बाजू जुळवली की दुसरी बिघडते, असे होत राहिले तर ते घर्षणच. तेथे अ‍ॅडजस्टर फिरवत बसणे व्यर्थ, केबल आणि आउटर दोन्ही बदलावेत. यावर आक्षेप असा की नवी केबल ताणली जातेच, मग ताण जुळवणे हाच उपाय नव्हे काय? सुरुवातीचा ढिलेपणा खरा आहे, पण त्याचे मोठे कारण आउटरची टोके टोप्यांत घट्ट बसणे हे असते. पोलादी तार त्या मानाने फारच थोडी लांबते. तेवढ्यापुरते एकदा जुळवणे योग्यच. महिनोन्‌महिने ते पुन्हापुन्हा करावे लागत असेल, तर लिव्हरच्या आत केबलच्या बोंडाजवळ तारा तुटू लागल्या आहेत का हे पाहावे. तेथे तुटलेले बोंड आत अडकले, तर काढणे जिकिरीचे होते. ब्रेकचे आउटर गिअरला वापरू नये : त्याची वेटोळी तार दाबाखाली आखडते, तर गिअरच्या आउटरमधील तारा लांबीच्या दिशेने असतात. (उलट अदलाबदल धोक्याची, जोराच्या ब्रेकने गिअरचे आउटर फाटू शकते.)

सायकल उजव्या अंगावर पडली असेल, तर केबलआधी हँगर तपासावा. तो आत वाकला की काही चक्रांवर गिअर बिनतक्रार लागतो, काहींवर नाही; ताण कितीही जुळवला तरी सगळी चक्रे एकदम साधत नाहीत. त्यातच सर्वांत मोठ्या चक्रावर डिरेलर आऱ्यांत शिरण्याची भीती असते. डोळ्याने अंदाज पुरेसा नाही. हँगरच्या आट्यांत बसणाऱ्या मापनदांडीने रिमपासूनचे अंतर चारही बाजूंना पाहावे लागते. पोलादी फ्रेमचा हँगर सरळ करता येतो. अ‍ॅल्युमिनियमचा सुटा हँगर सरळ करावा की बदलावा यावर एकमत नाही. एकदा बराच वाकलेला बदलणे सुरक्षित.

झिजलेली चेन : जोर लावल्यावर घसरणे हा बहुधा गिअर-बदलाचा दोष नसतोच, झिजेचा असतो. अकरा-बारा चक्री चेन 0.5 टक्के लांबली की बदलतात. नवी चेन ठरावीक एक-दोन चक्रांवरच घसरत असेल, तर ती चक्रे झिजली आहेत.

पुढचा डिरेलर : पिंजरा चेनरिंगला समांतर आणि मोठ्या चेनरिंगच्या दात्यांच्या 1 ते 3 मिमी वर असावा.

विद्युत् पद्धती : केबल नसल्याने तिचे दोष येथे संभवत नाहीत, हँगर आणि झीज यांचे मात्र तसेच राहतात.