यंत्राला वास आला, की तारीख कळली?

कृत्रिम नाकाचा इतिहास एका जुन्या समजापासून सुरू करावा लागतो. प्रत्येक गंधासाठी नाकात एक स्वतंत्र कुलूप असते, योग्य रेणू आला की ते उघडते आणि मेंदूला वास कळतो, असा तो समज. पण माणूस आयुष्यात कधीही न हुंगलेला पदार्थ पहिल्याच श्वासात ‘हे काहीतरी वेगळे आहे’ असे ओळखतो. त्या पदार्थासाठी कुलूप आधीच कोणी बसवून ठेवले होते?

केंब्रिजचे एडगर एड्रियन यांना १९३२ साली नोबेल मिळाले ते चेतापेशींवरील संशोधनासाठी. पुढे १९४२ मध्ये त्यांनी काटेरी अंगाच्या छोट्या हेजहॉगच्या मेंदूत वासामुळे उठणारे विद्युत्‌तरंग नोंदवले, नंतर सशांवरही काम केले. गंधाचा फरक कोणा एका पेशीत नसून कुठे आणि केव्हा हालचाल झाली या नक्षीत असावा, अशी दिशा त्यांच्या नोंदींतून दिसू लागली.

त्या नक्षीचे यंत्र व्हायला मात्र १९८२ साल उजाडले. इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठात कृष्णा परसॉड आणि जॉर्ज डॉड यांनी ‘नेचर’मध्ये एका ‘नमुना नाका’चे वर्णन प्रसिद्ध केले. (परसॉड हे आडनाव म्हणजे गिरमिटियांबरोबर कॅरिबियनकडे गेलेल्या ‘प्रसाद’चे तिकडचे वळण.) या नाकात संवेदक होते अवघे तीन, आणि तेही बाजारात मिळणारे. जपानच्या नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये घरगुती गॅसची गळती ओळखण्यासाठी ही जात विकसित केली होती. तिचे तत्त्व साधे आहे. तापवलेल्या टिन ऑक्साइडच्या पृष्ठभागावर हवेतील प्राणवायू चिकटतो आणि विद्युत्‌रोध वाढतो. ज्वलनशील वायू आला की तो प्राणवायू खर्ची पडतो आणि रोध उतरतो.

हा संवेदक कोणत्याही एका वायूशी एकनिष्ठ नसतो. अभियंत्यांच्या लेखी तो दोष होता. परसॉड आणि डॉड यांनी त्या दोषालाच कामाला लावले. तिन्ही संवेदक प्रत्येक वासाला थोडा थोडा प्रतिसाद देतात, पण प्रतिसादांचे प्रमाण दर वासागणिक बदलते. त्या प्रमाणावरून त्यांनी नाना प्रकारचे वास वेगळे करून दाखवले. निष्कर्ष जीवशास्त्राला उद्देशून होता: गंधभेद करण्यासाठी अतिविशिष्ट ग्राहकांची गरजच नाही.

नऊ वर्षांनी, १९९१ मध्ये, लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी गंधग्राहकांची जनुके शोधून काढली. उंदरात ती सुमारे हजार, माणसात चालू स्थितीत असलेली सुमारे चारशे. एक ग्राहक अनेक गंधांना आणि एक गंध अनेक ग्राहकांना जागवतो, हे १९९९ मध्ये बक यांच्याच गटाने दाखवले. २००४ चे नोबेल या दोघांना मिळाले. तीन स्वस्त संवेदकांच्या खेळण्याने जे सुचवले होते, त्याला रक्तामांसाचा पुरावा असा उशिराने मिळाला.

दरम्यान कॅलिफोर्नियात गिल्स लॉरां यांचा गट टोळ आणि मधमाश्यांच्या मागे होता. गंध येताच कीटकाच्या मेंदूतील पेशी एका ठेक्यात स्पंदू लागतात. १९९७ मध्ये त्यांनी औषधाने मधमाश्यांचा हा ठेका मोडला. अगदी भिन्न वास त्यांना तरीही वेगळे ओळखता आले. फसल्या त्या एकमेकांसारखे वास ओळखताना. म्हणजे ठेका ही निव्वळ सजावट नव्हती.

मग मेंदूची ही रीत थेट सिलिकॉनमध्ये का उतरवू नये? तेथूनच २०२० चा गाजलेला प्रयोग निघाला. इंटेलचे नबील इमाम आणि कॉर्नेल विद्यापीठाचे थॉमस क्लेलँड यांनी सस्तन प्राण्यांच्या गंधकंदाची जोडणी ‘लोइही’ या चिपवर उतरवली. या चिपमध्ये सुमारे १,३०,००० कृत्रिम चेतापेशी आहेत. ७२ संवेदकांच्या नोंदींवरून तिने १० रसायने ओळखली, आणि प्रत्येकाचा एकच नमुना पाहून. ‘संगणक हुंगू लागला’ अशा बातम्या जगभर झळकल्या.

त्या नोंदी प्रयोगासाठी नव्याने घेतलेल्या नव्हत्या. वातबोगद्यात नोंदवलेला आणि २०१३ मध्ये खुला झालेला तो माहितीसंच या क्षेत्राची कसोटीच बनला होता. हर्टफर्डशायर विद्यापीठातील मिखाएल श्मुकर आणि त्यांचे सहकारी निक डेन्लर व इतर यांनी २०२२ मध्ये एक साधी गोष्ट केली. त्यांनी नोंदींच्या वेळा तपासल्या.

एक वायू सलग काही दिवस, मग दुसरा, मग तिसरा, अशा तुकड्यांनी मोजणी झाली होती. दर वेळी वायू बदलत बसणे जिकिरीचे, तेव्हा यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. पण धातू-ऑक्साइडचे संवेदक दिवसागणिक सरकत राहतात. आजची शून्यरेषा महिन्याभराने तीच राहत नाही. परिणाम असा, की वायू सोडण्याआधीच्या कोऱ्या हवेच्या नोंदीवरूनही पुढे कोणता वायू येणार हे बहुतांशी सांगता येत होते! यंत्र हुंगत नव्हते, दिनदर्शिका वाचत होते. खबरदारी न घेता हाच संच वापरणारे १८ शोधनिबंध या गटाने मोजले.

इमाम आणि क्लेलँड यांच्या नोंदीही याच संचातल्या. २०२४ मध्ये डेन्लर, श्मुकर आणि आंद्रे व्हान स्काइक यांनी त्या चिपच्या प्रयोगाची स्वतंत्र फेरतपासणी प्रसिद्ध केली. परीक्षेचे नमुने म्हणजे शिकवलेलेच नमुने, वर कृत्रिम गोंगाट मिसळलेले, असे तीत दिसले. त्याच वायूच्या दुसऱ्या वेळच्या मोजणीपुढे प्रतिमान अडखळत होते. एवढे काम तर संगणकशास्त्रातील साधी शोधसारणीही करते, हे त्यांनी सप्रमाण मांडले. मेंदूचे अनुकरण म्हणजे मेंदूचे सामर्थ्य, हे समीकरण इथे टिकले नाही.

चूक दाखवून हा गट थांबला असता, तर इतिहासात त्याची नोंद तळटीपेपुरती राहिली असती. पण उंदीर गंधाचे अत्यंत वेगवान चढउतार, सेकंदाला ४० पर्यंत, टिपू शकतात, हे लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेत २०२१ मध्ये दिसले होते. त्याच संशोधकांच्या साथीने डेन्लर आणि श्मुकर यांनी २०२४ मध्ये एक छोटे इलेक्ट्रॉनिक नाक सादर केले. संवेदकाचे तापमान झपाट्याने वरखाली करत ते काही दशक मिलिसेकंदांच्या झुळुकीतला वास ओळखते आणि सेकंदाला ६० वेळा बदलणारा गंधही टिपते. या खेपेला नोंदी त्यांनी स्वतःच्या उपकरणावर, स्वतः घेतल्या होत्या.