पाडलेलं स्टेडियम आणि न बदललेलं नाव

आधी एक प्रश्न. 10 जानेवारी 1985 ला रवी शास्त्रीने बडोद्याच्या तिलक राजला एका षटकात सहा षटकार मारले, ते वानखेडेवर. 2 एप्रिल 2011 ला आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने विश्वचषक फायनलमध्ये पहिल्या पाच षटकांत तीन निर्धाव टाकत फक्त 6 धावा दिल्या आणि थरंगाला बाद केलं, तेही वानखेडेवर. मग या दोन्ही गोष्टी एकाच स्टेडियममध्ये घडल्या का?

पटकन 'हो' म्हणू नका. मधल्या काळात उत्तर आणि दक्षिण बाजूचे जुने स्टँड पाडून नवे उभे राहिले, वर कापडी छत आलं, आणि साधारण 45 हजारांची क्षमता 33 हजारांच्या आसपास उतरली. शास्त्रीचे षटकार ज्यांनी पाहिले त्यातल्या बऱ्याच जागा झहीरच्या वेळी अस्तित्वातच नव्हत्या. खेळपट्टीची जागा तीच, पत्ता तोच, नाव तेच.

संशोधनात याला अभ्यासाचं एकक ठरवणं म्हणतात. तुम्ही 'वानखेडेचा इतिहास' असा विषय घेतलात, तर आधी ठरवा की कशाचा इतिहास. जमिनीचा, इमारतीचा, संस्थेचा की नावाचा? प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या तारखेला होते.

कसोटी क्रिकेटचा धरला तर मुंबईत सुरुवात डिसेंबर 1933 ला, बॉम्बे जिमखान्यावर. भारतातली ती पहिली कसोटी, आणि लाला अमरनाथांनी पदार्पणातच 118 केल्या. मग 1937 ला क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं ब्रेबॉर्न स्टेडियम उघडलं आणि पुढची काही दशकं कसोट्या तिथे झाल्या. पण ब्रेबॉर्न क्लबच्या मालकीचं, आणि सामने भरवणारी बॉम्बे क्रिकेट असोसिएशन म्हणजे तिथे पाहुणी. तिकिटांच्या वाटपावरून दोघांचं कायम वाजायचं. असोसिएशनचे अध्यक्ष होते शेषराव वानखेडे, नागपूरकडचे राजकारणी, त्या वेळी विधानसभेचे अध्यक्ष. त्यांनी ब्रेबॉर्नपासून एक किलोमीटरही लांब नसलेल्या जागेवर स्वतःचं स्टेडियम उभारायचं ठरवलं. वास्तुविशारद शशी प्रभू. काम साधारण तेरा महिन्यांत झालं.

इथे एक किस्सा हमखास सांगितला जातो. काही तरुण आमदारांना सामना खेळायचा होता, वानखेडे ब्रेबॉर्न मागायला गेले, क्लबच्या वतीने विजय मर्चंट यांनी नकार दिला आणि त्या अपमानातून नवं स्टेडियम जन्माला आलं. किस्सा झकास आहे, म्हणूनच जपून वापरा. अशा गोष्टी घटनेनंतर कित्येक वर्षांनी सांगितल्या जातात, आणि सांगताना संवाद धारदार होत जातात. पण म्हणून त्या फेकूनही देऊ नका. त्या दिवशी खोलीत नेमकं काय बोलणं झालं यासाठी हा पुरावा कच्चा आहे. पण क्लब आणि असोसिएशन यांच्यातली अढी लोकांच्या लक्षात कशी राहिली, यासाठी तो चांगलाच पक्का आहे. आणि गंमत बघा, आज वानखेडेवर एका स्टँडला मर्चंट यांचंच नाव आहे.

पहिली कसोटी जानेवारी 1975 ला, वेस्ट इंडीजविरुद्ध. क्लाइव्ह लॉइड नाबाद 242, आपल्याकडून एकनाथ सोलकर 102, आणि आपण 201 धावांनी हरलो. लॉइडच्या द्विशतकानंतर एक प्रेक्षक अभिनंदनाला आत धावला, पोलिसांनी त्याला मारलं आणि गर्दी भडकली. चहापानानंतरचा खेळच झाला नाही. धावफलकातून हे कळत नाही, त्यासाठी त्या दिवसांची वर्तमानपत्रं काढावी लागतात.

आता माझी एक चूक सांगतो. स्टेडियम का पाडलं हे वाचायला घेतलं तेव्हा मी विज्ञानाचा विद्यार्थी म्हणून थेट क्लोराइडवर उडी मारली. समुद्र जवळ, खारी हवा, क्लोराइड आयन काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचतात, सळई गंजते, गंज फुगतो, काँक्रीट तडकतं. रसायनशास्त्र बिनचूक. पण या इमारतीचा एकही नमुना माझ्यासमोर नव्हता! नूतनीकरणाच्या चर्चेत बोललं जात होतं ते विश्वचषकाबद्दल, प्रेक्षकांच्या सोयींबद्दल, प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची देण्याबद्दल. क्षमता कमी झाली यात ते दिसतंच. आपल्याला जे हत्यार चालवता येतं त्याला साजेसं कारण शोधायचा मोह सगळ्यांना होतो, आणि प्रस्ताव लिहिताना तर फारच.

तुलनेसाठी न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम घ्या, बेसबॉलचं. बांधलं 1923 ला. वानखेडे उभं राहत होतं त्याच सुमारास, 1974-75 मध्ये, ते आतून पार बदललं गेलं. 2008 ला बंद झालं, 2009 ला रस्त्यापलीकडे त्याच नावाचं नवं उघडलं आणि 2010 पर्यंत जुनं जमीनदोस्त झालं. आज त्या जागी बेसबॉलचीच खुली मैदानं आहेत. तिथे लोक 'जुनं' आणि 'नवं' असे दोन इतिहास मोजतात. आपल्याकडे 2004 ला ऑस्ट्रेलियाला 107 हवे असताना 93 वर गुंडाळलं, तो सामना आणि 2013 ची सचिनची शेवटची कसोटी आकडेवारीत एकाच नावाखाली येतात. वानखेडेवरच्या सरासऱ्या काढणार असाल तर निदान एकदा 2008 च्या आधीचे आणि 2011 नंतरचे आकडे वेगळे करून बघा. फरक पडो न पडो, तुम्ही तो तपासलाय हे परीक्षकाला दिसलं पाहिजे.

स्टेडियम बंद असतानाचा काळही रिकामा नाही. डिसेंबर 2009 ला श्रीलंकेविरुद्धची कसोटी ब्रेबॉर्नवर गेली, 1973 नंतर प्रथमच. सेहवागने तिथे 293 काढल्या. ज्या क्लबशी भांडून वानखेडे बांधलं, पाडकामाच्या दिवसांत त्याच्याच दारात जावं लागलं.

आणि मार्च 2024 ला नव्या वानखेडेवर रणजी फायनल झाली. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला जन्मलेला अजिंक्य रहाणे मुंबईचा कप्तान होता. मुंबई 169 धावांनी जिंकली. समोर होता विदर्भ, म्हणजे शेषराव वानखेड्यांचा मुलूख.